उसना हिवाळा

संस्थेत तिला सगळे कोषाध्यक्ष म्हणत. हे नाव हिशेब खात्यातल्या एका टवाळ माणसाने ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन आली की तो खुर्ची सरकवून म्हणायचा, "या, कोषाध्यक्ष. काय म्हणतोय खजिना? झोपलाय अजून?"

"झोपलाय. पण झोपायच्या वेळी झोपतो, तुमच्यासारखा कामाच्या वेळी नाही."

मग सगळे हसायचे, आणि तिच्या कामाबद्दल त्यापलीकडे कोणी काही विचारायचं नाही.

विचारण्यासारखं काम होतं खरं. फळझाडांच्या त्या संस्थेत मागच्या इमारतीच्या तळघरात किड्यांची खोली होती. लग्नानंतर लगेच ती तिथे लागली आणि केस पांढरे होईपर्यंत टिकली. फळांचा हंगाम संपत आला की किडकी फळं क्रेट भरभरून यायची. ती त्यांना जाळीच्या ताटांवर पसरायची. फळातली अळी पोटभर खाऊन झाली की फळ सोडून खाली पडते आणि जमिनीत शिरायचं म्हणून ताटाखालच्या ओल्या वाळूत शिरते. तिथे तिचा कोष होतो, गव्हाच्या दाण्याएवढा, बदामी रंगाचा. ते कोष मऊ कुंचल्याने वेचायचे, जाळीचं झाकण असलेल्या डब्यांत ओलसर वाळूवर मांडायचे आणि डबे थंड खोलीत नेऊन ठेवायचे. याला त्या खोलीत 'हिवाळा देणं' म्हणत. हिवाळा पुरता मिळाला नाही तर कोष झोपेतच वाळून जातात. पुरता मिळाला की त्यांना उबेत काढायचं, मग ते आपापल्या वेळी उघडतात.

उघडल्यावर दर वेळी माशीच निघेल असं नाही. एखाद्या कोषातून मुंगीला पंख फुटावेत तसा एक काळा किडा निघे. गांधीलमाशीच्या जातीचा, पण माणसाला काही न करणारा. त्याच्या आईने फळाच्या सालीवर कान लावल्यासारखं फिरून आतली अळी शोधलेली असते आणि लांब सुईने तिच्या अंगात अंडं घातलेलं असतं. अळी आपली खातपीत राहते, कोष करते, आणि त्या कोषात शेवटी राहतो तो पाहुणा. या किड्यांचं कागदावरचं नाव वीतभर लांब होतं. खोलीत सगळे त्यांना बारक्या म्हणत.

"आपल्या आत दुसरंच कोणीतरी झोपलंय हे अळीला कळत असेल का हो?" तिने एकदा मॅडमना विचारलं होतं. मॅडम म्हणजे त्या खोलीच्या प्रमुख. वयाने तिच्याहून लहान, डोक्याने तल्लख, आणि विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देणाऱ्या.

"कळून काय करणार?" मॅडम म्हणाल्या होत्या. "आपल्याला तरी कुठे कळतं?"

घरी मात्र तिच्या कामाबद्दल विचारायला कोणी जागंच नसायचं.

नवरा बेकरीत भट्टीवर होता. संध्याकाळी ती परतायची तेव्हा तो निघायच्या बेतात असायचा, आणि सकाळी तो पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन यायचा तेव्हा ती चपला घालत असायची. ही सोय दोघांनी मिळून केलेली होती. लेक झाली तेव्हा तिला सांभाळायला कोणी नव्हतं. सासू लग्नाआधीच गेलेली, आई दम्याने बेजार. तेव्हा त्याने मालकाकडून रात्रीची भट्टी मागून घेतली. लेकीला एक दिवससुद्धा कोणाच्या दारात सोडावं लागलं नाही याचा दोघांनाही अभिमान होता. सगळा संसार उंबऱ्यावर व्हायचा.

"दूध तापवून ठेवलंय."

"हिला खोकला आहे, आज शाळेत नको."

"तुमच्या आत्याचा फोन आला होता."

"काय म्हणाली?"

"उद्या सांगते, उशीर होतोय."

उद्यापर्यंत आत्या काय म्हणाली ते विसरलेलं असायचं.

लेक मोठी झाली, शिकली, लग्न करून लांबच्या शहरात गेली. आता पाळ्या बदलायला हरकत नव्हती. पण त्याने विषय काढला नाही आणि तिनेही काढला नाही. लेक फोनवर चिडवायची, "तुमचा दोघांचा घटस्फोट कधी व्हायचा नाही, आई. त्यासाठी आधी भेटावं लागतं." शेजारीण कौतुक करायची, "तुमच्या घरातून कधी भांडणाचा आवाज नाही हो!" ती हसून म्हणायची, "भांडायला वेळ जुळायला नको का?"

मग बेकरी बंद झाली. म्हातारा मालक गेला आणि पोरांनी जागा विकली. एका सकाळी नवरा घरी आला तो भट्टीतला लांब दांड्याचा लाकडी फावडा खांद्यावर घेऊन. तो त्याने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा केला आणि म्हणाला, "संपलं."

तिला वाईट वाटलं, आणि त्या वाईटाच्या खाली थोडा आनंदही झाला. उशिरा का होईना, आता एका ताटाला बसू. संध्याकाळी बोलायला कोणीतरी असेल. उरलेली वर्षं दोघांनी एकाच वेळी जागं राहून काढायची होती. इतकी साधी गोष्ट, सगळं जग करतं. आपल्याला न जमायला काय झालं, असं ती मनाशी म्हणाली, पण आत कुठेतरी धाकधूक होती.

आणि जमेना. भांडण असं काहीच नव्हतं. ती घरी यायची तर दिवा लागलेला, रेडिओ सुरू, आणि तिच्या खुर्चीत तो. इतकी वर्षं संध्याकाळचं घर तिच्या एकटीचं होतं. ती मोठमोठ्याने गाणी म्हणत भांडी घासायची, उभ्याउभ्याच जेवायची, कधी नुसतं अंडं उकडून वेळ मारून न्यायची. आता गाणं बंद झालं. त्याच्या देखत गायची तिला लाज वाटली, आणि नवऱ्याची लाज वाटते याचीही वाटली.

"साखरेचा डबा कुठे गेला?"

"वरच्या फळीवर."

"वर कशाला ठेवलात?"

"वरच असतो की. मी रोज सकाळी तिथूनच घेतो."

"मी रोज संध्याकाळी खालून घेते."

दोघंही डब्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं तो डबा रोज चढत-उतरत होता, आणि हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"मला सकाळचं घर माहितीये," तो थोडा हसून म्हणाला. "तुझ्या संध्याकाळच्या घरात मी नवीन आहे. सांभाळून घे."

ती सांभाळून घ्यायची. तोही घ्यायचा. रात्री त्याला झोप लागायची नाही, पण तिची मोडू नये म्हणून तो लाकडासारखा पडून राहायचा. आणि तो जागा आहे हे कळत असल्यामुळे तिलाही लागायची नाही, मग ती झोपल्याचं सोंग करायची. सकाळी दोघं एकमेकांना विचारायचे, "लागली का झोप?" आणि दोघंही म्हणायचे, "मस्त."

त्या हिवाळ्यात संस्थेच्या थंड खोलीचं यंत्र जळालं. नवा भाग बाहेरून मागवावा लागणार होता, तो कधी येईल त्याचा पत्ता नव्हता. डबे वाचवायला सगळ्यांची धावपळ झाली. बागेतल्या सफरचंदांचे डबे संस्थेतल्या फ्रीजमध्ये कोंबले. काटेरी झुडपांच्या फळांतले, म्हणजे काट्याचे, डबे थोडेच होते, ते उरले.

"माझ्या घरी नेते," ती म्हणाली. "दोन माणसांच्या घरात फ्रीजमध्ये असतं काय? अर्धं लिंबू."

मॅडमनी डबे तिच्या हातात देताना जरा जास्तच वेळ धरून ठेवले. संस्थेच्या मागे ओढ्याकाठी काटेरी झुडपांची लांबलचक रांग होती. लाल, आंबट, बोटाच्या पेराएवढी फळं धरायची त्यांना. रस्ता रुंद करताना ती रांग मुळापासून काढून टाकली. त्याआधीच्या हंगामात वेचलेली शेवटची फळं, त्यांतले हे कोष. संस्थेच्या पलीकडच्या टोकाला थोडी झुडपं उरली होती. तिथे माश्या होत्या, बारक्या नव्हत्या. डब्यांतल्या बारक्या तिथे नेऊन सोडायच्या असं ठरलं होतं.

"बागेतल्या बारक्या सोडून चालणार नाही का?" तिने विचारलं.

"नाही ना चालत." मॅडम बाकावर टेकल्या. "मूळची माशी काट्याचीच. काट्याचं फळ उशिरा पिकतं. माणसाने सफरचंदं लावली, ती लवकर पिकतात. काही माश्या तिकडे वळल्या. त्यांतल्या ज्या लवकर उठल्या त्यांना चांगलं फळ मिळालं, ज्या उशिरा उठल्या त्यांच्या वाट्याला सडकं. लवकर उठणाऱ्यांची लग्नं लवकर उठणाऱ्यांशीच, त्या दिवसांत दुसरं जागंच कोण असतं? असं वर्षानुवर्षं चालत आलं. आता कुंपणाच्या अलीकडची माशी पलीकडचीला सहसा भेटत नाही. आणि बारकीला अळी गाठायची असते. अळी फळात थोडे दिवस, बारकीचा जीवही थोड्याच दिवसांचा. म्हणून बागेतली बारकी लवकर उठायला शिकली, काट्यातली उशिराच राहिली. बागेतली नेऊन काट्यावर सोडली तर अळी यायच्या आत ती म्हातारी होऊन मरेल."

"शिकली म्हणजे कशी शिकली?"

"म्हणजे ज्या चुकीच्या वेळी उठल्या त्या मागे पोरबाळ न ठेवता मेल्या. बाकीच्या उरल्या. एवढंच शिकणं त्यांचं."

ती डबे पोटाशी धरून घरी आली. भाजीच्या कप्प्यात त्यांची जागा केली, फ्रीजचं थंडीचं बटण नीट लावलं, आतमध्ये संस्थेचा थर्मामीटर टांगला. नवरा मागे उभा राहून बघत होता.

"हे काय गं? हिवाळा घरपोच?"

"उसना दिलाय आपण. संस्थेचा नादुरुस्त झाला."

त्याला ते आवडलं. त्या संध्याकाळी त्याने रेडिओ बंद केला आणि तो तिला विचारत बसला. आत काय असतं? जिवंत कसं राहतं? खात काय? तिने एक डबा काढून झाकणावरून दाखवला. कोष कसा वेचतात, वाळू किती ओली लागते, कोरडी पडली तर काय होतं, सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. मधेच म्हणाला, "आमच्या पिठासारखंच की. चांगल्या पावाचं पीठ आम्ही थंडीत झोपवायचो. सावकाश फुगलं की चव येते. मग बाहेर काढायचं, भट्टीजवळ ठेवायचं, वर ओला कपडा."

"यांचंही तसंच. हिवाळा झाला की उबेत काढायचे. वरून पाण्याचा हलका फवारा."

"आणि थंडीत जास्त राहिलं तर आंबतं. मग ते पीठ मेलं."

"हे बरेच दिवस राहतात," ती म्हणाली, आणि तेवढ्यात गॅसवरचं सूप उतू जायला लागलं म्हणून उठली.

पुढचं सांगायचं राहिलं. काट्याच्या डब्यांना बाहेरचा हिवाळा संपल्यानंतरही खूप दिवस थंडीत ठेवावं लागतं, म्हणजे ते पार उशिराच्या फळांच्या बेताने उठतात, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलेलं होतं की ते कोणाला माहीत नसेल असं तिच्या मनातच आलं नाही. अर्धं बोलून अर्धं दुसऱ्या दिवसावर टाकायची दोघांना जन्माची सवय. ती मात्र त्या रात्री सुखात होती. आपला नवरा चांगलं ऐकतो, हे तिला इतक्या वर्षांनी समजलं होतं.

हिवाळा सरत आला आणि तिची मोठी बहीण बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ताई दुसऱ्या गावी एकटी राहायची, बिनलग्नाची, जिभेची तिखट. तिला उठवायला-बसवायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणून धाकटीनेच संस्थेतून लांब रजा घेतली. निघताना दारात म्हणाली, "डब्यांकडे बघा हं."

"बघतो. तू तुझ्या ताईकडे बघ. डबे ताईपेक्षा शहाणे आहेत."

ताईच्या घरी ती दोन महिने राहिली. आणि त्या दोन महिन्यांत एक नवल झालं. तो रोज संध्याकाळी फोन करायचा. समोर बसून जे बोलणं सुचत नव्हतं ते फोनवर सुचायला लागलं. त्याने रात्रीच्या भट्टीतल्या गमती सांगितल्या. मालकाचा धाकटा पिठाच्या पोत्यांमागे लपून सिगारेट ओढायचा, आणि एकदा पोत्यावरच झोपून सकाळी पांढरा भूत होऊन बाहेर आला. तिने हिशेबवाल्याची नक्कल करून दाखवली. एकदा लेकीबद्दल बोलताना तो म्हणाला, "ती लहान असताना रात्री रडायची का गं? दिवसा तर कधी रडली नाही."

"रात्रीच रडायची. तुम्हाला हाक मारून."



ताई पलंगावरून सगळं ऐकायची. "या वयात कसलं गं हे गुलुगुलु? तो तुझा नवराच आहे ना, का बदलून आणलास?"

"आत्ता कुठे ओळख होतेय, ताई."

"मग लवकर जा बाई. मी लंगडेन माझी मी."

निघायच्या आदल्या दिवशी तो फोनवर म्हणाला, "तुझ्यासाठी एक गंमत ठेवलीय. आलीस की बघ."

गाडीत बसल्यावर तिला राहून राहून हसू येत होतं. खिडकीबाहेर झाडांना कोवळी पानं फुटली होती. घरी गेल्यावर कोणत्या खुर्चीत कोणी बसायचं याचा तिने विचार करून ठेवला. एक नवी खुर्चीच आणू, असं ठरवलं. त्याच्यासमोर गायचंही ठरवलं. हसला तर हसू दे.

त्याने दार उघडलं तेव्हा त्याने दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. तिची पिशवी घेऊन तो तिला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेला. शेगडीच्या वरच्या फळीवर, जिथे ऊब राहते तिथे, तिचे डबे ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर पांढरं ओलं फडकं, कडा नीट मुडपलेल्या.

"तू गेलीस आणि आठ-पंधरा दिवसांत बाहेर पानं फुटायला लागली," तो सांगत होता. "म्हटलं, ही दमून येणार, आणि इकडे हे थंडीत राहून आंबून जायचे. त्याच दिवशी काढले. सकाळ-संध्याकाळ फवारा मारतोय, हलकासाच. एकही दिवस चुकवला नाही बघ. आणि परवापासून—" त्याने एका डब्यावरचं फडकं अलगद उचललं.

जाळीच्या आतून बारक्या चालत होत्या. काळ्या, नाजूक, पोटामागे केसासारखी सुई. एक जाळीच्या कडेला पाय रोवून पंख साफ करत होती. एक बाहेर निसटून खिडकीच्या काचेवर वरखाली फिरत होती. बाहेर कोवळी पानं होती. कुठल्याही झाडावर फळ नव्हतं, फळात अळी नव्हती, आणि काट्याची फळं लाल व्हायला सबंध उन्हाळा जायचा होता.



"सगळे उठले नाहीत अजून," तो म्हणाला. "पण उठतील. जिवंत आहेत गं सगळे."

"हो," ती म्हणाली. "छान काळजी घेतलीत."

आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. त्यालाही बहुतेक आला नाही, कारण त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "चुकलं काही?"

तेव्हा तिने सांगितलं. हळू आवाजात, एकेक गोष्ट, शाळेत सांगावी तशी. तो फडक्याची घडी घालत ऐकत राहिला. घडी झाली की पुन्हा उलगडून घालायचा.

"परत ठेवू या का फ्रीजमध्ये?"

"एकदा उठल्या की परत झोपत नाहीत त्या."

"मला कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे, नुसतंच. मग म्हणाला, "मी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर गंमत कसली राहिली असती?"

दुसऱ्या दिवशी ती डबे घेऊन संस्थेत गेली. मॅडमनी डबे एकेक करून उघडून बघितले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही रजेवर गेलात तेव्हाच मी परत मागून घ्यायला हवे होते." मग त्यांनी विचारलं, "वाळू इतकी छान ओली कोणी राखली?"

"आमच्या ह्यांनी."

"छान राखलीये," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

करण्यासारखं फारसं काही नव्हतं. कापसाच्या बोळ्यावर मधाचं पाणी द्यायचं, थंडाव्यात ठेवून आयुष्य थोडं ताणायचं. ताणून ताणून ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतही जाणार नव्हतं. मॅडमनी एका डब्यात दुकानातून आणलेलं सफरचंद ठेवून बघितलं. बारक्या त्याच्यावर चढल्या, सालीवर मिशा आपटत गोल गोल फिरल्या. आत काहीच हलत नव्हतं. तरी फिरल्या. मग एकेक करून वाळूवर पडायला लागल्या. वेचायचं काम तिचंच होतं. जो कुंचला तिने इतकी वर्षं झोपलेल्यांसाठी वापरला त्याच कुंचल्याने तिने त्या उचलल्या. पलीकडच्या झुडपांवर बारक्या सोडायचं काम बंद झालं. टवाळ हिशेबवाल्याने त्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत एकदाही खजिन्याचं नाव काढलं नाही, उलट आपल्या डब्यातला केकचा तुकडा न बोलता तिच्याकडे सरकवला.

घरी त्याने तो विषय काढला नाही. तिनेही नाही. तिला राग आला होता का? आला होता. पण तो कोणावर काढायचा? ज्याने सकाळ-संध्याकाळ फवारा मारला त्याच्यावर? दुसऱ्या कुठल्या बाईने आदळआपट केली असती, चार दिवस अबोला धरला असता, पाचव्या दिवशी चहा पुढे केला असता, आणि संपलं असतं. भांडायचीही सवय लागते. त्यांना ती नव्हती. ती जास्तच गोड बोलायला लागली. "चहा घेता ना?" "थंडी वाजत नाही ना?" तो तिच्या गोड बोलण्याने कानकोंडा व्हायचा. फ्रीज उघडायच्या आधी विचारायचा, "उघडू का?" साखरेचा डबा घ्यायच्या आधी विचारायचा. खुर्चीत बसायचं तर त्याने सोडूनच दिलं, स्टुलावर बसायचा, पाहुण्यासारखा टोकाला. फोनवरचा तो माणूस कुठे गेला ते तिला कळेना. एकदा ती बाजारातून मुद्दाम त्याला फोन करून बघणार होती. नंबर लावला, आणि फोनवरचाही आता घाबरूनच बोलेल असं वाटून ठेवून दिला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो एका संध्याकाळी म्हणाला, "हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात माणूस हवाय. पाव भाजायला. रात्रपाळी आहे."

ती कपडे घड्या करत होती.

"आपल्याला काही गरज नाही तशी," तो म्हणाला. "नाही गेलो तरी चालेल. तुला काय वाटतं?"

तो तिच्याकडे बघत होता. इतकं सरळ त्याने तिच्याकडे कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. नका जाऊ, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तिच्या तोंडात आलेही. पण त्याच क्षणी तिला संध्याकाळचं रिकामं स्वयंपाकघर दिसलं, बंद रेडिओ दिसला, आणि तिचे खांदे आपोआप सैल पडले. ते त्याने बघितलं.

"तुम्हाला जमेल का या वयात जागरण?" ती घाईने म्हणाली.

"जमेल," तो म्हणाला. "तेच जमतं मला."

पुढच्या आठवड्यात तो कामावर जायला लागला. पहिल्या संध्याकाळी जाताना त्याने स्टूल भिंतीशी नीट लावून ठेवलं, तिला लागू नये म्हणून. ती खिडकीतून बघत राहिली. रस्त्याच्या वळणावर त्याने मागे बघितलं, पण तिच्या खिडकीत दिवा नव्हता, त्यामुळे ती त्याला दिसली नसणार. तिने दिवा लावेपर्यंत तो वळला होता.

मग तिने पातेल्यात पाणी ठेवलं, एक अंडं उकडलं, उभ्यानेच खाल्लं. भांडी घासली. अंथरुणावर पडली आणि पलंगाच्या मध्यावर हातपाय पसरले. कितीतरी महिन्यांनी तिला गाढ झोप लागली, कूसही न बदलता, पार उजाडेपर्यंत. जाग आली तेव्हा अंग हलकं होतं, डोकं स्वच्छ होतं. तिला इतकं बरं वाटत होतं, की ती उठून बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागली.